मागचं डावं दार

“बॅटरी मरून नाही राह्यली, भाऊ. घरचंच कोणीतरी तिले मारून राह्यलं.”

मिस्त्री हे मला ऐकवायला बोलला नव्हता. वारासिवनी रोडवरच्या आपल्या गॅरेजात बॉनेटखाली डोकं घालून तो स्वतःच्या मोठ्या भावाशी बोलत होता. मी गाडीच्या मागे उभी होते. मी बहुतेक ठिकाणी अशीच उभी राहते, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी. त्यामुळे माझ्या वाट्याला ऐकायला पुष्कळ येतं.

“भूत असन,” भाऊ म्हणाला.

“भुताले कायले लाइट पायजे? माणूसच हाय. बसते कोणीतरी या गाडीत, अन् उतरताना काहीतरी चालू ठेवून जाते. नाही तं नवी बॅटरी आठ दिवसांत बसन कशी?”

मी मुद्दाम खोकले. मिस्त्रीने डोकं वर काढलं, हात पुसले आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तसं मला हिंदीत म्हणाला, “मॅडम, टेस्टिंग में तो सब ओके है.”

महिन्याभरात गाडी चौथ्यांदा बंद पडली होती. आमची गाडी पांढरी, छोटी, बारा वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना क्लच दाबता येईना, तेव्हापासून ती मी चालवते. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बाबांना फिजिओथेरपीला न्यायचं, एवढंच तिचं काम. एरवी ती पोर्चमध्ये भिंतीच्या कडेला, राखाडी कव्हर अंगावर घेऊन उभी असते. जवळच्या राइस मिलच्या कोंड्याची धूळ बसू नये म्हणून बाबा कव्हरशिवाय तिला एक रात्रही ठेवत नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी चावी फिरवली आणि आतून नुसतं ‘टक’ झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. समोरचे दिवे लागले ते विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. बाबा काठी टेकत बाहेर आले. शेजारच्या दोघांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली, आणि जाताना पूर्ण रस्ताभर बाबा एकच विचारत राहिले, “तू लाइट चालू ठेवला होता का? आठवून पाह्य.”

मी आठवून पाहिलं. नव्हता ठेवला. पण बाबांनी तीनदा विचारल्यावर मलाही खात्री राहिली नाही.

बाबांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली. लामत्यापासून खालपर्यंत कुठल्या फाट्यावर पाणी कुठे मुरतं हे शोधण्यात तीस वर्षं काढलेला माणूस बॅटरीला असा सोडणार नव्हता. आधी त्यांनी माझ्याकडून बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन घेतली आणि वर व्हॅसलीन लावायला लावलं. गाडी चार दिवस चालली. मग बॅटरी मिस्त्रीकडे रात्रभर चार्जिंगला राहिली. तीही पाच दिवसांत बसली. मिस्त्री म्हणाला, बॅटरीच म्हातारी झाली. नवी आणली. तीही बसली. मग अल्टरनेटर तपासला, म्हणजे गाडी चालताना जे बॅटरी भरतं ते. ते व्यवस्थित भरत होतं. शेवटी त्या दिवशी मिस्त्रीने बॅटरीची एक वायर काढून मध्ये मीटर लावला, एकेक फ्यूज उपसून पाहिला. बंद गाडीतून करंट कुठेच गळत नव्हता.

गॅरेजात उभी असताना गाडी ठणठणीत होती, आणि घरी आणली की मरत होती.

“मायनसची वायर रोज काढून ठेवत जा, साहेब,” मिस्त्रीने सुचवलं होतं. बाबांनी उडवून लावलं. “रोग न पाहता गोळी देते का कोणी?” त्यांनी स्वतः एक छोटा मीटर मागवला आणि रोज सकाळी काठी घेऊन पोर्चमध्ये जाऊन बॉनेटपुरतं कव्हर वर करत. बॅटरीला दोन पिना टेकवून आकडा एका जुन्या वहीत लिहीत. बारा पॉइंट सहा. बारा पॉइंट एक. अकरा पॉइंट चार. आकडा पडला की ते माझ्याकडे बघत.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने फोनवर बाबांनाही तेच सांगितलं, जे मी चोरून ऐकलं होतं. फक्त शब्द जरा आदराचे होते. बाबांनी फोन ठेवला. आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठमोरी पोळ्या लाटत होती.

“कोणीतरी गाडीत बसते म्हणे,” बाबा म्हणाले. मग मला, “तू बसते का? फोन लावते चार्जिंगले?”

“नाही, बाबा.”

“मग कोण बसते? फाटकाले कुलूप आहे. रविवारी माणूस बोलावतो. पोर्चमध्ये कॅमेराच लावतो. दिसूनच जाईल.”

“एवढ्याशा गोष्टीले कॅमेरा?” आई मागे न वळता म्हणाली. “लोकं म्हणतील, यांच्या घरी चोरी झाली.”

“म्हणू दे.”

घरात आम्ही तिघंच. बाबा, आई आणि मी. आधी चौघं होतो.

माझी मोठी बहीण चार वर्षांपूर्वी बैहरच्या एका मुलाबरोबर कोर्टात लग्न करून मोकळी झाली. तो आमच्या जातीतला नव्हता, यापलीकडे त्याच्याविषयी घरात कोणी काही जाणून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी कटंगीकडचे काका-काकू आले. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, “तिच्या नावाने आंघोळ करून टाका.” माणूस मेल्यावर करतात ती आंघोळ. मी लहानपणापासून हे बोलणं ऐकलं होतं, रागाच्या भरात म्हणतात तसं. खरंच करतात हे मला माहीत नव्हतं. माझ्या इंग्रजी शाळेत मला इंग्रजांच्या ट्यूडर राजांची नावं ओळीने शिकवली होती. हे कोणी शिकवलं नव्हतं.

जानेवारीतली थंडी होती. मागच्या अंगणातल्या नळाखाली बादली भरली. पहिली बादली आईने घेतली. लुगड्यासकट, डोक्यावरून. तिने हूं केलं नाही की चूं केलं नाही. केसांतलं पाणी निथळत होतं आणि ती काकूला म्हणाली, “झालं. आजपासून मले एकच पोरगी.” काकूच रडली. आई मात्र बादली पालथी घालून स्वयंपाकाला लागली. मीही आंघोळ केली. मला कोणी जबरदस्ती केली नाही. माझ्या हातात तांब्या दिला आणि मी ओतला.

रात्री बाबांनी सांगितलं, “यापुढे जो तिच्यासंगं बोलेल, त्यानं तिकडेच जावं. या घरात परत येऊ नाही.” बाबा असं बोलले की ते करतात. पुढे एका चुलतभावाने ताईच्या लग्नाला फोनवर शुभेच्छा दिल्याचं कळलं, तर बाबांनी त्याच्या लग्नाची पत्रिका दारातूनच परत केली.

ताईने मला तीन वेळा फोन केला होता. तिसऱ्या वेळी मी तिचा नंबर ब्लॉक केला. बाबांच्या भीतीने केला असं मी स्वतःला सांगत आले, पण खरी भीती मला आईची होती. बाबा चिडतात आणि निवतात. पण ज्या बाईने न रडता ती बादली ओतली, तिच्यासमोर ताईचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. चार वर्षांत काढलं नाही. बैहर इथून बसने जाता येईल इतकं जवळ, आणि मी कधी त्या बसकडे नीट पाहिलंही नाही.

तर, गाडीत कोण बसतं? मला वाटलं, बाबा.

त्याला कारण होतं. ऑपरेशननंतर एकदा मी त्यांना कव्हर काढलेल्या गाडीत, चालकाच्या जागी, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेलं पाहिलं होतं. मला बघून ते घाईने उतरले आणि म्हणाले, “आरसा नीट करत होतो.” ज्याने जन्मभर सरकारी जीप जंगलातून हाकली, त्याला आता पोरीच्या शेजारी बसावं लागतं. मला वाटलं, दुपारी सगळं निजलं की ते जाऊन बसत असतील, चावी अर्धी फिरवून. आणि रविवारी त्यांच्याच कॅमेऱ्यात तेच सापडतील. त्या विचाराने मलाच लाज वाटली. त्याआधी आपण खात्री करावी आणि काहीतरी निमित्त काढून कॅमेरा टाळावा, असं मी ठरवलं.

मंगळवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मी केजीच्या मुलांना शिकवते. तीन वाजता घरी येते. त्या दिवशी दीडलाच आले. स्कूटी कोपऱ्यावर लावली, फाटक स्वतःच्या किल्लीने उघडलं आणि बाहेरून गच्चीवर जाणाऱ्या जिन्यात बसले. तिथल्या जाळीतून पोर्च दिसतो.

पंधरा मिनिटांनी हॉलच्या खिडकीतून बाबांचं घोरणं ऐकू आलं. ते दुपारी सरळ दीड तास झोपतात. मी उठणार होते. बाबा नाहीत, मग मिस्त्रीचंच काहीतरी चुकलं, असं वाटून मला बरं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आई बाहेर आली.

पायात काही नव्हतं. फोन कमरेला खोचलेला. ती गाडी आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरली. तिथे दार उघडण्यापुरतीच जागा आहे. तिने कव्हरची कड गोधडी उचलावी तशी उचलली, मागचं डावं दार उघडलं, आणि कव्हराखाली आत गेली. कव्हर पुन्हा खाली पडलं. पोर्च पहिल्यासारखा दिसू लागला. झाकलेली एक गाडी, बाकी काही नाही.

त्या दाराचं लॉक कधीचं बिघडलंय, ते चावीशिवाय उघडतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी ते आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

मी किती वेळ तशीच बसले ते सांगता येणार नाही. माझी आई. जी कधी पुढच्या सीटवर बसत नाही, जिला गाडी लागते, जी पिशवीत लिंबू ठेवते. ती दिवसाउजेडी, कव्हर घातलेल्या बंद गाडीत शिरून बसली होती. मला पहिल्यांदा वाटलं तिला काहीतरी झालंय. डोक्याला. मी चपला काढून खाली उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले.

आतून आवाज येत होता. हवेसाठी तिने काच दोन बोटं खाली केली असावी.

“घुर्रर्र… घुर्रर्र…”

आई तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होती.

“आजी, जोरात चालव!” एका लहान मुलाचा आवाज. फोनमधला, थोडा फाटका.

“जोरातच चालवून राह्यली, राजा. पाय, गेर टाकला. आता कुठं जायाचं? बैहरले?”

“बैहलले!”

“हौ, आली पाय. हाट्ट म्हैस, बाजूले हो! म्हैस आली ना रे मधात.”

मुलगा खिदळला, आणि आई हसली. मी त्या हसण्याला ओळखलं नाही. पोटातून येणारं, आवर नसलेलं हसणं. एकोणतीस वर्षं एका घरात राहून मी ते ऐकलं नव्हतं.

माझा हात डिकीवर होता. तो मला उचलता येईना.

मग ताईचा आवाज आला. “बस झालं रे, आजीचं पेट्रोल संपलं. आई, बाबा उठायच्या आत जा तू.”

तो आवाज तसाच होता. चार वर्षं माझ्या मनात ताईचा आवाज शेवटच्या फोनवरचा, रडका राहिला होता. हा नुसता रोजचा आवाज होता, भाजी झाली का विचारतात तसा. म्हणजे हे आजचं नव्हतं. कितीतरी दिवसांपासून या दोघी रोज बोलत होत्या, आणि ताईच्या त्या मुलाला आपली आजी गाडी चालवते हे पक्कं ठाऊक होतं.

“रविवारी कॅमेरा लावून राह्यले तुझे बाबा,” आई म्हणाली. “मग कसं करू काय माहीत. घरात बोलू शकत नाही, थंडी पडल्यापासून गच्चीवर आजूबाजूच्या बाया उन्हात बसतात. याच्यात बसलं की आवाज बाहेर जात नाही.”

“लहानीला सांग ना. ती काहीतरी करेल.”

“तिले?” आई म्हणाली. “नाही बाप्पा. बाबांले एक वेळ सांगीन, तिले नाही. ते लय कडक पोरगी आहे. चार वर्षांत तुझं नाव नाही काढलं तिनं तोंडातून. त्या दिवशी आंघोळ केली तं डोळ्यात टिपूस नाही. मलेच भेव वाटते तिचं.”

हे ऐकलं तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर होते. कोणी कानफटात मारली असती तर मी निदान गाल तरी धरला असता.

मी पुन्हा जिन्यात जाऊन बसले, कारण दुसरीकडे कुठे जायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने आई बाहेर आली. तिने दार लावलं ते पाहण्यासारखं होतं. दोन्ही तळवे दारावर ठेवून, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार ओढावं तसं, जराही आवाज न होऊ देता. आमच्या घराण्यात बाईने दार आपटलं की त्याचा अर्थ ती भांडायला उभी राहिली असा होतो. आईला तिच्या सासूने पहिल्या वर्षीच शिकवलं होतं म्हणे, “दाराचा आवाज आला नाही पायजे.” आईचं कुठलंच दार वाजत नाही, कपाटाचंही नाही. तिने कव्हर सारखं केलं आणि आत गेली.

मी जाऊन तिथली कव्हरची कड उचलली.

आत छतातला दिवा पेटलेला होता. छोटा पिवळा दिवा, दुपारच्या उजेडात कोणाच्या लक्षात येणार नाही असा. दार बाहेरून लागल्यासारखं दिसत होतं, पण ते अर्ध्यावरच अडकलं होतं. गाडीच्या लेखी ते उघडंच होतं, म्हणून दिवा विझत नव्हता. कव्हराखाली तो दुसऱ्या दिवसापर्यंत, पुढच्या सोमवार-गुरुवारपर्यंत जळत राहायचा.

आणि मग सगळं एकदम उलगडलं. फिजिओथेरपीला निघताना मी कव्हर काढते आणि बाबा काठी आणि फाइल मागच्या सीटवर टाकतात, त्याच दारातून. बाबा दार लावतात ते जीपचं लावल्यासारखं, धाडकन. गाडी सुरू होत नाही हे कळायच्या आधीच तो दिवा त्यांच्याच हाताने विझलेला असायचा. म्हणून कोणाला कधी काही दिसलं नाही. म्हणून मिस्त्रीच्या मीटरला काही सापडलं नाही.

मी कंबरेने दार दाबलं. ते हलकं ‘खट’ करून बसलं. दिवा गेला.

तीन वाजता मी नेहमीसारखी समोरून घरात आले. आईने विचारलं, “जेवतेस?” मी हो म्हटलं. ती समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होती आणि मी तिच्या हातांकडे. मला विचारायचं होतं, तू माझ्याबद्दल असं कसं समजलीस? पण मी तिच्याबद्दल नेमकं तेच समजले होते, त्याच दिवसापासून, त्याच बादलीपासून. आम्ही दोघी चार वर्षं एकाच ओट्यावर कांदे चिरत होतो. मला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि हे शब्द तर मराठीतही नव्हते आणि इंग्रजीतही नव्हते.

त्याऐवजी मी रोज तीनला घरी आले की गाडीच्या मागून वळसा घालू लागले. कव्हरची कड उचलायची, कंबरेने दार दाबायचं, दिवा गेला की आत जायचं. एका दिवशीही तो विझलेला सापडला नाही. म्हणजे आई रोज येत होती. शुक्रवारी सीटवर तिच्या केसांतली एक पिन पडली होती. मी ती उचलून तिच्या डबीत ठेवून दिली.

कॅमेऱ्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. माझा हिशेब असा की चार दिवस बॅटरी ठीक राहिली की बाबा स्वतःच म्हणतील, झालं, जाऊ द्या. मी आईला आणि ताईला मदत करतेय असं मला वाटत होतं.

रविवारी सकाळी बाबा पोर्चमधून वही घेऊन आत आले. आई जमिनीवर बसून लाखोरीची पालेभाजी निवडत होती. मी वह्या तपासत होते. कॅमेरावाला दहाला येणार होता; नऊ वाजून गेले होते.

“ऐका दोघी,” बाबा खुर्चीत बसत म्हणाले. त्यांनी वही उघडली. “बुधवार, बारा सहा. गुरुवार, बारा सहा. शुक्रवार, शनिवार, आज. आकडा हलला नाही.”

“मग चांगलंच झालं ना,” आई म्हणाली. “त्या माणसाले नको म्हणा आता.”

“काहून चांगलं झालं?” बाबा वही बंद करत म्हणाले. “गाडी आपोआप बरी होत नाही. कॅमेऱ्याची गोष्ट मी या घराबाहेर कोणाले बोललो नाही. अन् तेव्हापासूनच बॅटरी सुधरली. म्हणजे बाहेरचं कोणी नाही. घरातलं आहे, अन् सावध झालं.”

मी लाल पेन खाली ठेवलं. चार दिवस मी जे दार दाबत होते, त्यानेच संशयाचं बोट घरात वळवलं होतं.

“मी काही बसत नाही,” बाबा म्हणाले. “तुझी आई तं गाडीचं नाव काढलं की लिंबू हुंगते. राह्यलं कोण?”

ते माझ्याकडे बघत होते. आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

“फोनवर बोलते ना तिथं बसून? घरात बोलण्यासारखं नसन. कोण आहे? नाव सांग. मी ओरडणार नाही. पण एकीनं जे केलं तेवढं पुरे झालं या घराले. दुसऱ्यांदा आंघोळ करायची ताकद नाही माझ्यात.”

भाजी निवडणारे हात थांबले. आईने पदर सावरला आणि जमिनीवर एक हात टेकवला, उठायच्या आधी टेकवते तसा. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा असा पाहिला, सगळा उघडा. ती सांगणार होती. माझ्यावर येतंय हे बघून ती सगळं सांगून टाकणार होती, आणि बाबा त्यांचा शब्द पाळणार होते. चौसष्ट वर्षांच्या बाईला, या वयात, तिकडेच जा म्हणणार होते. मग त्या मुलाची आजी खरोखरच बैहरला गेली असती, पण या घराचं दार तिला बंद झालं असतं, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली असती, तू कडकच होतीस.

“ऐकून घ्या,” आई म्हणाली, “गाडीत मी…”

“गाडीत मी बसते,” मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. आई तशीच, हात टेकलेली, माझ्याकडे बघत राहिली. बाबांनी मान हलवली, हे त्यांना आधीच माहीत होतं अशी.

“काहून?”

“फोनवर बोलायला.”

“कोणासंगं?”

सोपी नावं पुष्कळ होती. शाळेतली एखादी मैत्रीण. अगदी एखादा मुलगासुद्धा चालला असता. बाबांनी तो गृहीतच धरला होता, ओरडले असते, मग निवले असते. मला ती नावं ओळीने दिसत होती. आणि मला तो तांब्या दिसत होता, जो मला कोणी जबरदस्तीने ओतायला लावला नव्हता. जिच्याशी मी चार वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, जिचा नंबर अजूनही माझ्या फोनमध्ये ब्लॉक केलेला होता, तिचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं.

“नाव सांग,” बाबा म्हणाले.

“ताईसंगं,” मी म्हणाले. “ताईसंगं बोलते, बाबा. रोज बोलते.”